तपासनीस यायच्या दिवशी

९ जानेवारी

खारू,

फोन करत नाही, लिहिते. फोनवर आपण दोघी तिसऱ्या वाक्याला भांडायला लागतो. शिवाय फोन वाजला की बाबा तो घरभर शोधत फिरतात, आणि सापडला तरी शोधत राहतात.

विमा कंपनीने नाही म्हटलं. ही पॉलिसी काढली तेव्हा तू शाळेत होतीस, म्हणून पहिल्यापासून सांगते. बाबा हॉटेलच्या काउंटरवर पाहुण्यांना खोल्या द्यायला होते तेव्हा त्यांनी स्वतःच्या पगारातून ती घेतली. म्हातारपणी स्वतःचं स्वतःला करता येईनासं झालं, तर घरी माणूस ठेवायचे किंवा केंद्रात राहायचे पैसे कंपनी देते. पण आंघोळ, कपडे, जेवण, संडास, उठबस यांतली निदान दोन कामं दुसऱ्याच्या हाताशिवाय होत नाहीत, किंवा डोकं इतकं चालेनासं झालंय की सतत कुणीतरी जवळ लागतं, हे त्यांच्या तपासनिसाने घरी येऊन बघायला हवं.

इथे काय चालतं ते तुला माहीत आहे. आंघोळ मी घालते. शर्टाच्या बाहीत ते पाय घालतात. गेल्या आठवड्यात दातांच्या डॉक्टरांना द्यायची एक कवळी मी मेणात बसवून टेबलावर ठेवली होती. ती उचलून तोंडात घातली आणि मेण चावत बसले. कुणा अनोळखी आजीबाईंचे दात, आणि त्यामागे आपले बाबा. मी हसले आधी, मग नाही हसले. तुझा दादा जाऊन दीड वर्ष झालं, तरी रोज विचारतात, "तो अजून आला नाही?" खरं सांगायचं मी सोडून दिलंय. म्हणते, उशीर होईल त्याला.

मंगळवारी तपासनीस बाई आल्या. बेल वाजली आणि बाबा खुर्चीतून उठले, कशाचाही आधार न घेता. शर्टाचं वरचं बटण लावलं, केसांवरून हात फिरवला आणि माझ्या आधी दाराशी पोचले.

"या. प्रवास ठीक झाला ना?"

बाई बराच वेळ बसल्या. बाबांनी तारीख सांगितली, वार सांगितला, शंभरातून सात-सात वजा करत खाली आले. शर्ट काढून पुन्हा घालून दाखवला. चहा त्यांनीच केला. मी दाराच्या चौकटीला टेकून बघत राहिले. मग माझ्याकडे हात करून म्हणाले, "ही माझी सून. माझा मुलगा गेला. तेव्हापासून हीच सगळं बघते."

खारू, त्यांना माहीत आहे.

बाई गेल्या, दार लागलं. बाबा पायपुसण्यावर उभेच होते. त्यांचा चेहरा हळूहळू रिकामा होत गेला. घरातली माणसं एकेक खोली बंद करत मागच्या दाराने निघून जावीत, तसा. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तो अजून आला नाही?"

वहिनी

२१ जानेवारी

वहिनी,

पत्र मिळालं. रागावू नकोस, पण वाचून मला आधी आनंदच झाला. बाबा चहा करतो. बाबा तारीख सांगतो. म्हणजे आत कुठेतरी तो शाबूत आहे. मग तुझ्यासमोरच का नाही? तू सगळं आयतं हातात देतेस म्हणून तर नाही?

मी दिवसभर कारखान्यात पट्ट्यासमोर बसते. बाटल्या उजेडापुढून सरकत जातात, तडा गेलेली दिसली की बाजूला काढायची. आता मला कशातही आधी तडाच दिसतो. तुझंही तसं होत नसेल ना? तू रोज बघतेस, म्हणून तुला फक्त बिघडलेलंच दिसत असेल.

मी पाठवते त्यात थोडी भर घालीन, पण दिवसभराची बाई ठेवण्याइतकं मला झेपणार नाही. तेव्हा कंपनीकडे तक्रार कर, दुसरा तपासनीस मागव. आणि तो येईल त्या दिवशी बाबाला नीटनेटकं करून बसवू नकोस. आहे तसा दिसू दे.

मागच्या फोनवर मला तो "मॅडम" म्हणाला होता. त्या बाईंना प्रवास ठीक झाला का विचारलं त्याने. मला तेही विचारलं नव्हतं.

खारू

१६ फेब्रुवारी

खारू,

आयतं हातात देते म्हणालीस. दोन दिवस मी तुला मनातल्या मनात उत्तरं देत होते, ती लिहीत नाही. नुसतं झालं ते सांगते.

दुसरा तपासनीस गेल्या आठवड्यात येऊन गेला. तू म्हणालीस तसं मी बाबांना आवरलं नाही. रात्रीचेच कपडे, वाढलेली दाढी. कुणी येणार आहे हेही मी घरात बोलले नव्हते, बोलायला आहे कोण. स्वयंपाकघरात मेण वितळवत होते, तेवढ्यात त्यांच्या खोलीतून नळाचा आवाज आला. जाऊन बघते तर बाबा आरशासमोर दाढी करत होते. वस्तरा मी गेल्या वर्षीच कपाटावर पार मागे सरकवून ठेवला होता, मलाही स्टुलावर चढल्याशिवाय पोचत नाही. त्यांनी तो कसा काढला, मला ठाऊक नाही. इस्त्रीचा शर्ट घातला, टाय बांधला, आणि दाराशी जाऊन उभे राहिले. माणूस यायला अजून बराच अवकाश होता.

"बाबा, कुणाची वाट बघताय?"

"निघालेत ते," म्हणाले.

मी जवळ गेले. त्यांना धाप लागली होती, खूप जिने चढून आल्यावर लागते तशी. आपलं घर तळमजल्यावर आहे, खारू.

तो माणूस आला, बाबांशी हसून खिदळून बोलला, सगळे प्रश्न झाले. निघताना दारात मला म्हणाला, "बाई, तुमचे सासरे माझ्यापेक्षा धडधाकट आहेत." माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं त्याने, ती नजर मला अजून टोचते. सासऱ्याच्या नावावर पैसे उकळायला निघालेली सून. नकाराचं पत्र येईलच.

तो गेल्यावर बाबा आडवे झाले ते दोन दिवस उठले नाहीत. उठले तेव्हा मी हातात चमचा दिला, तर तो उलटसुलट करून बघत राहिले. चमचा काय असतो तेच त्यांच्याजवळ उरलं नाही. पहिल्या बाई येऊन गेल्या तेव्हा चालताना भिंत धरायला लागले होते, मी ते थंडीवर ढकललं. आता मला स्पष्ट दिसतंय. ते जितके वर येतात, तितकेच नंतर खाली जातात, आणि आधी होते त्याच्याही खाली.

डॉक्टर म्हणतात, परक्या माणसापुढे पेशंट सावरतात, जन्मभराची सवय असते. असेल. पण सवयीला कपाटावरचा वस्तरा कसा दिसतो?

वहिनी

२८ फेब्रुवारी

वहिनी,

माझं चुकलं. तो शब्द मी लिहायला नको होता.

तुझं पत्र मी कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत पुन्हा पुन्हा वाचलं, आणि डोक्यात एक खूळ शिरलंय. तपासनीस आला की बाबा येतो. मग तपासनीस खराच कशाला हवा? फाइल घेतलेला कुणीही चालेल. शेजारच्या औषधवाल्याला सांग ना, तो भला माणूस आहे. थोडा वेळ का होईना, तुला घरात बोलतं माणूस मिळेल. आणि त्याला माझा विषय काढायला सांग. बाबा माझ्याबद्दल काय म्हणतो ते मला हवंय.

खाली जाण्याचं तू म्हणतेस ते दुखण्यामुळेही असेल. दुखणं वाढतंच की.

खारू

२५ मार्च

खारू,

तुझं ऐकलं. ऐकायला नको होतं, पण आता तुला एकटीला बोल लावत नाही, कारण मलाही त्याची चटक लागली.

औषधवाला दुकान बंद करून दुपारी आला, बगलेत हिशेबाची फाइल. बाबा उठले, "या" म्हणाले. आणि मग मी काय काय ऐकलं. तुझ्या दादाने लहानपणी हॉटेलच्या लिफ्टमध्ये कोंडून घेतलं होतं आणि बाहेर काढल्यावर रडायच्या ऐवजी वरच्या मजल्याचं बटण मागितलं होतं. आमच्या लग्नाआधी घरी येऊन तो बाबांना म्हणाला होता, "मुलगी माझ्यापेक्षा हुशार आहे, चालेल ना?" हे मला कधीच कुणी सांगितलं नव्हतं. बाबा माझ्याशी बोलत नव्हते बरं का. ते पाहुण्याशीच बोलतात. मी बाजूला बसून ऐकते.

तुझ्याबद्दल विचारलं, तर म्हणाले, "मुलीचं काम उजेडाचं आहे." आणि हसले.

मी औषधवाल्याला परत बोलावलं. पुन्हा परत. प्रत्येक वेळी नंतर काहीतरी जात होतं. उभं राहणं गेलं, मान धरणं गेलं, आणि मी ते बघत होते आणि तरी पुढच्या दुपारची वाट बघत होते. जे काय करत होते त्याला नाव ठेवायचं असेल तर तू ठेव.

परवा औषधवाल्याने मला दुकानात बाजूला घेतलं. "ताई, मी आता येणार नाही," म्हणाला. मी चहा करायला आत गेले होते तेव्हा बाबांनी त्याचं मनगट धरलं होतं. हात बर्फासारखा गार. कानाशी येऊन हळूच विचारलं, "खोली कधी रिकामी करून मिळेल?" त्याने विचारलं, कुठली खोली. तर बाबांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

आता ते पलंगावरच असतात. हे मी पुन्हा करणार नाही. तू ये, खारू. रजा मिळत नसेल तर आजारी पड, पण ये.

वहिनी

९ मे

वहिनी,

पोचले. तुझ्या घरी होते तेव्हा रोज ठरवत होते, आज सांगू, आज सांगू. तुझ्या तोंडाकडे बघून जमलं नाही. आता लिहिते.

मी आले त्या दिवशीचं तुला आठवत असेल. बेल मी वाजवली, बॅग माझ्याही हातात होती, पण तो उठला नाही. घरच्यांसाठी उठत नाहीत, असं तू म्हणालीस. मग सगळे दिवस मी त्याच्या उशाशी "बाबा, मी खारू, बाबा, मी खारू" करत बसले आणि तो माझ्यापलीकडच्या भिंतीकडे बघत राहिला.

निघायच्या आदल्या दिवशी तू कवळ्या पोचवायला डॉक्टरांकडे गेलीस. मी तुझा काळा कोट घातला, केस मागे बांधले, तुझा वाचायचा चष्मा लावला. कंपनीच्या नकाराच्या पत्रांची फाइल घेतली. बाहेर जाऊन दार ओढून घेतलं आणि बेल वाजवली. मग किल्लीने उघडून आत आले.

तो पलंगावर उठून बसला होता. पाय जमिनीवर. धापा टाकत होता, तू लिहिलं होतंस तशाच. कपाळ घामाने चमकत होतं, आणि खोली मात्र तळघरासारखी गार झाली होती.

"या. प्रवास ठीक झाला ना?"

"झाला. तुम्ही कसे आहात?" जन्मात पहिल्यांदा मी त्याला तुम्ही म्हणाले.

"दमलोय," तो म्हणाला. "तुमची माणसं फार येतात हल्ली."

मी फाइल उघडली. त्यात नसलेलाच प्रश्न माझ्या तोंडून गेला. "तुम्ही कुठून येता?"

त्याने फरशीकडे बघितलं. "खालून. जिने खूप आहेत आणि दिवे नाहीत. वर बेल वाजते. पाहुणा आलाय आणि काउंटरवर कुणी नाही, असं कसं चालेल? मग यावं लागतं."

"खाली काय आहे?"

"बरं आहे. कुणी काही विचारत नाही. वर आलो की आठवतं, मुलगा गेला. दर वेळी नव्याने कळतं. खाली असतो तेव्हा त्याला नुसता उशीर झालेला असतो."

वहिनी, मी तो कोट अंगातून काढून फेकायला हवा होता. पण त्याचे डोळे लख्ख होते, माझा बाबा समोर बसला होता, आणि कोट काढला की तो जाणार हे मला कळत होतं. मी तशीच बसले. आणि बसलेच आहे तर कामाचं बोलू, असं वाटलं. तो नेहमी म्हणायचा ना, आधी कामाचं.

"साहेब, तुमची पॉलिसी आहे. पण आमच्या माणसापुढे तुम्ही असे उठून बसता, म्हणून पैसे मिळत नाहीत."

त्याला लगेच कळलं. "ती मी कशाला घेतली ठाऊक आहे? माझी आंघोळ सुनेला घालावी लागू नये म्हणून. आणि तीच घालते. मला खालून दिसतं, तिचे हात सोलवटलेत. म्हणजे मी यायचं नाही, असंच ना?"

"एकदाच. आमचा माणूस पुन्हा येईल तेव्हा."

"एकदाच असं नसतं, मॅडम. बेल वाजली आणि मी आलो नाही, की पुढची बेल मला ऐकूच येणार नाही. अजून एक मजला खाली गेलेलो असेन."

तिथे मी थांबायला हवं होतं. मी म्हणाले, "मग तसं करा."

"ठीक आहे," म्हणाला. कुणी खोली बदलून मागावी आणि त्याने वहीत नोंद करावी, इतक्या सहज.

मग मी विचारलं, "तुमची मुलगी लांब असते ना? तिला काही सांगायचंय?"

"ती आलीय, मला कळतं. ओळखीचं कुणीतरी जवळ बसलंय एवढं कळतं, नाव सापडत नाही. तिचं तोंड पडतं. तिला कुणीतरी सांगा, की तिची चूक नाही."

सांगते म्हणाले. त्याने हात पुढे केला. बाबाशी मी हस्तांदोलन कधी केलं नव्हतं. त्या हातात आधी जोर होता, मग माझ्या हातातच तो सैल पडला. तू आलीस तेव्हा मी कोट जागेवर टांगला होता आणि भांडी घासत होते.

त्याने मला ओळखलं होतं का? रोज स्वतःला विचारते. कधी हो वाटतं, कधी नाही, आणि दोन्हींतलं कुठलं जास्त वाईट ते ठरवता येत नाही.

तिसऱ्यांदा तपासनीस मागव. किंवा मागवू नकोस. हे तुझ्या गळ्यात टाकणं बरोबर नाही, पण मी इतकी लांब आहे की माझ्याने दुसरं काही होत नाही.

खारू

२० ऑगस्ट

खारू,

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी कंपनीला पत्र टाकलं. हे तुला आधी सांगते, म्हणजे सगळा भार तू एकटीच वाहत राहणार नाहीस. माझ्या हातात होतं. मी थांबवू शकले असते. माझे हात सोलवटलेत, पाठ गेलीय, कवळ्यांना दर वेळी उशीर होतो म्हणून डॉक्टर दुसरीकडे काम द्यायला निघाले होते. मी पत्र टाकलं आणि घरी येऊन बाबांची चादर बदलली.

पहिल्याच बाई पुन्हा आल्या. मी बाबांच्या खोलीत उभी होते. बेल वाजली आणि मी त्यांच्याकडे बघितलं.

ते उठायला लागले, खारू. मान वर आली. पाय पलंगाच्या कडेकडे सरकले. उजवा हात गळ्याशी गेला, वरचं बटण लावायला. श्वास चढला. आणि मग डाव्या हाताने त्यांनी तो उजवा हात धरला. हट्टी पोराचा धरावा तसा घट्ट धरला, खाली आणला आणि छातीवर दाबून ठेवला. बेल परत वाजली. ते माझ्याकडे बघत होते. माझ्याकडे, पाहुण्याकडे नाही. इतक्या महिन्यांत वर असताना ते पहिल्यांदा माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

मी दार उघडायला जायच्या ऐवजी तिथेच उभी राहिले. बाई दारावर थापा मारायला लागल्या तेव्हा गेले.

बाई त्यांच्या शेजारी बसल्या, नाव विचारलं, वार विचारला, हात उचलायला सांगितला. काही नाही. त्या गोंधळल्या. मला म्हणाल्या, "मागे आम्हाला इतका छान चहा दिला होता त्यांनी." त्यांचे डोळे भरले होते. मी त्यांना पाणी दिलं.

मंजुरी आली. सुरुवातीचे काही आठवडे आपले आपण भागवायचे असतात, ते तू पाठवलेल्यात भागले. आता सकाळ-संध्याकाळ मदतनीस बाई येते, तिला पैसे कंपनीच देते. दणकट आहे, मनाने चांगली आहे, बाबांना न ओढता न आपटता आंघोळ घालते. म्हणाली, "इतकं हलकं माणूस मी उचललं नाही कधी. वजन आहे, पण हातात काही आलंय असं वाटत नाही." मग जीभ चावली. मी म्हटलं, असू दे.

मी झोपते. कवळ्यांचं काम परत सुरू झालंय. घर स्वच्छ आहे. "तो अजून आला नाही?" असं आता कुणी विचारत नाही, आणि त्यांच्या विचारायच्या वेळेला मलाच थोडं चुकल्याचुकल्यासारखं होतं.

काल मंजुरीचे कागद नीट वाचले. दरवर्षी एकदा तपासनीस येणार आहे. रुग्ण सुधारला आहे का ते बघायला. सुधारला असेल तर पैसे बंद.

आज मदतनीस बाई यायच्या आधी मी बाबांजवळ बसले. आधी बाबा म्हणून हाक मारली. मग हॉटेलात सगळे म्हणायचे तसं साहेब म्हटलं. मग तुझ्या दादाचं नाव घेतलं, मोठ्याने, कानाशी. त्यांच्या चेहऱ्यावर काहीही हललं नाही.

मला हायसं वाटलं, खारू. खरंच हायसं वाटलं. हे तुझ्याशिवाय कुणाला लिहिणार.

वहिनी